पाहुणा आला, सांगायचं कुणाला?

"पाहिला ना? मन भरलं ना? मग गावभर दवंडी कशाला?"

"दवंडी नाही काकाजी, नोंद. दोन्हींत फरक आहे."

"फरक तुझ्यासाठी. पाखराला दोन्ही सारखंच."

नोव्हेंबर उजाडला की वर्धा जिल्ह्यातल्या पक्षीवेड्यांत हा वाद हमखास पेटतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यभर पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या आठवड्यात भाषणं, पोस्टर, शाळांच्या सहली हे सगळं रीतसर पार पडतं आणि खरी चर्चा घरोघरी चहावर होते. मी ऐकली ती काका-पुतणीची. काकाजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांच्या कपाटात वह्यांची चळत आहे. पुतणी नागपूरला नोकरी करते, शनिवारी रात्री घरी येते आणि रविवारी पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून बोर धरणाकडे किंवा महाकाळीच्या धाम प्रकल्पाकडे निघते. तिच्या वह्या मोबाइलात आहेत.

या वेळचं निमित्त अमूर ससाणा. काकाजींना तो दिसला होता. कुठे, ते सांगायला मात्र तयार नव्हते. पुतणीलाही नाही.

"वर्ध्याच्या पूर्वेला," एवढंच.

"पूर्वेला भंडाराही आहे, काकाजी."

पक्ष्याचं वर्णन करताना मात्र त्यांनी कंजूषपणा केला नाही. सोयाबीन सोंगून झालेलं शेत, शेजारी नुकताच पेरलेला हरभरा, पलीकडे वेचणीला आलेली कपाशी. मधून गेलेल्या विजेच्या तारेवर पाटीसारख्या राखी रंगाचा एक लहान ससाणा. आधी त्यांना वाटलं कापशी असेल. कापूसपट्ट्यात ही पांढरी-राखी घार जागोजागी तारेवर बसलेली दिसते. मग तो उडाला आणि पंखाखालचा पुढचा भाग स्वच्छ पांढरा दिसला, मागची पिसं काळपट. पाय आणि चोचीचं मूळ गाजरासारखं तांबूस-नारिंगी, शेपटीच्या बुडाशी विटकरी रंग. खाली शेतावर चतुर घिरट्या घालत होते. त्यानं एक अलगद पायात पकडला, उडता उडताच पाय चोचीशी नेला आणि चतुर संपवला. चार पारदर्शक पंख तेवढे गिरक्या घेत ढेकळांवर आले. तो काही तारेवर परतून जेवला नाही, हवेतच जेवला. काकाजींनी हे दोनदा सांगितलं.

"नर. पूर्ण वाढलेला. यात शंका नाही," पुतणी म्हणाली. "आता गाव सांगा."

"नाही."

हा हट्ट समजून घ्यायचा तर आधी पाहुण्याची ओळख हवी. अमूर ससाणा वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपास. सैबेरियाचा पूर्व भाग, मंगोलियाचा काही भाग आणि ईशान्य चीन हा त्याचा विणीचा मुलूख. हिवाळा काढायला तो जातो थेट आफ्रिकेच्या दक्षिणेला. जाताना ईशान्य भारतात थांबतो, उडत्या वाळवीवर ताव मारून अंगात चरबी भरतो, मग भारताचा मधला भाग ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतो. समुद्रावर त्याला उतरायला जागा नाही. पाठीशी वारा असतो आणि, काही अभ्यासकांच्या मते, वाटेत शिदोरीही असते. चार्ल्स अँडरसन यांनी मालदीवमध्ये दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास उतरणाऱ्या चतुरांच्या थव्यांचा माग काढला आणि २००९ साली मांडलं की हे चतुर भारतातून आफ्रिकेकडे निघालेले असतात, आणि अमूर ससाण्यासारखे पक्षी त्याच वाऱ्यावर, त्याच सुमारास समुद्र ओलांडतात. काकाजींनी शेतावर पाहिलेला तो घास या प्रवासातला.

२०२५ च्या नोव्हेंबरात मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यात तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारी यंत्रं बसवली गेली. अपापांग, अलांग आणि आहू ही त्यांची नावं. अपापांगनं पहिल्या ७६ तासांत ३,१०० किलोमीटरच्या आसपास मजल मारली. अलांग ही त्यांतली तरणी मादी. तिनं तेलंगणात एक रात्र काढली, महाराष्ट्रात तीनेक तास टेकली आणि पुढे केनिया गाठलं.

"बघ, तीन तास," काकाजी म्हणाले. "तेवढ्या वेळासाठी तिच्या मागे पन्नास गाड्या लावायच्या का? चहा तरी पिऊ द्या तिला."

"पन्नास गाड्या कुणी लावल्यात? आणि तिच्या पाठीवर यंत्र नसतं तर ते तीन तास आपल्याला कळलेच नसते."

"न कळल्यानं काय बिघडलं असतं?"

पुतणी क्षणभर थांबली. मला वाटलं, आता ही निरुत्तर झाली. नाही झाली.

"स्वेनसन्स हॉकचं ऐकलंय तुम्ही? उत्तर अमेरिकेतला शिकारी पक्षी. हिवाळ्यात अर्जेंटिनाला जातो. त्यांची संख्या घटत होती आणि कारण सापडत नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात काही पक्ष्यांना ट्रान्समीटर लावले. माग काढत माणसं ला पाम्पाच्या शेतांत पोचली तर तिथे मेलेल्या पक्ष्यांचा सडा. शेतकरी टोळांवर मोनोक्रोटोफॉस फवारत होते आणि हे पक्षी तेच टोळ खात होते. एका हंगामात वीसेक हजार पक्षी मेले असावेत, असा अंदाज निघाला. जागा कळली म्हणून कारण कळलं, आणि कारण कळलं म्हणून ते औषध तिथे थांबलं."

मोनोक्रोटोफॉस म्हटल्यावर काकाजी सावरून बसले. हे नाव आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. २०१७ साली तिथे कपाशीवर फवारणी करता करता शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. किडे खाणारा पाहुणा ज्या शेतावर उतरतो ते कापूस-सोयाबीनचं शेत आहे, ही साधी गोष्ट आमच्याकडच्या पक्षी सप्ताहाच्या भाषणांत फारशी येत नाही. भाषणं धरणाच्या पाळीवरच रेंगाळतात.

"हे मान्य," काकाजी म्हणाले. "पण ते शास्त्रज्ञांचं काम होतं. त्यांनी यंत्र लावलं, ते गेले, त्यांनी पाहिलं. तुझा तो रविवारचा घोळका काय करून राहिला? फोटो. एकाच पाखराचे चाळीस फोटो, आणि प्रत्येकात पाखराची मान कॅमेऱ्याकडे वळलेली. म्हणजे ते घाबरलेलं आहे."

मग त्यांनी शृंगी घुबडाचा किस्सा काढला. नाल्याच्या दरडीत घुबडानं अंडी घातली होती. कुणीतरी कुणाला तरी विश्वासानं सांगितलं. पुढच्या रविवारी नाल्यात गाड्या. एकानं मोबाइलवर घुबडाचा आवाज लावला, म्हणजे घुबड चिडून बाहेर येईल. दुसऱ्यानं आड येणारी बोरीची फांदी तोडली. आणि आपल्याकडे घुबडाला फक्त कॅमेरेवालेच शोधतात असं नाही. दिवाळीच्या अमावास्येला पूजेच्या नावाखाली घुबडांचा चोरटा व्यापार चालतो. ज्या संदेशात जागा लिहिलेली असते तो कुणाकुणाच्या हाती पडेल, याचा भरवसा काय?

या मुद्द्यावर मी पूर्ण काकाजींच्या बाजूनं आहे. घरट्याची जागा सांगू नये. कुणालाच. यात वादाला जागा नाही, आणि पुतणीनंही घातला नाही.

"घरटं वेगळं," ती म्हणाली. "माळढोकासारख्या काही पक्ष्यांची नेमकी जागा ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळही उघड करत नाही. पण तुमचा ससाणा घरटं करायला आलेला नाही. तो उद्या अरबी समुद्रावर असेल. नोंद आठ दिवसांनी टाकू. तारीख खरी, जागा खरी, फक्त उशिरा. पाखरू गेलं, घोळक्याला काही मिळणार नाही. नोंद मात्र राहील."

"राहून करायचं काय?"

"शहाद्याची गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती."

काकाजी हसले. तो त्यांचाच पत्ता होता आणि त्यांच्यावरच उलटला होता.

ती गोष्ट अशी. रानपिंगळा हे मध्य भारतातलं एक छोटं घुबड. १८७३ साली ह्यूम या पक्षी-अभ्यासकानं त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर तो कुणाला मिळालाच नाही. फक्त एक नमुना १९१४ सालचा होता, गुजरातेत मांडवीला मिळाल्याचा. तो रिचर्ड माइनर्टझहागन या नामांकित इंग्रज पक्षीतज्ज्ञाचा. त्यामुळे पुढे शोधणारे त्या दिशेलाही गेले आणि हात हलवत परतले. सालिम अलींनाही तो सापडला नाही. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईनं तपासले. माइनर्टझहागनचा नमुना मुळात चोरीचा निघाला. जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला जुना पक्षी उचलून त्याला नव्यानं पेंढा भरला होता आणि खोटी चिठ्ठी बांधली होती. खोटी जागा बाजूला सारल्यावर उरल्या त्या जुन्या, खऱ्या जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट त्या जागांवर गेले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

"डेव्हिडसननं 'खानदेशच्या उत्तरेला कुठंतरी' असं लिहिलं असतं तर?" पुतणीनं विचारलं. "तुमच्यासारखं? 'वर्ध्याच्या पूर्वेला'?"

"डेव्हिडसननं बंदूक चालवली होती, पोरी. जागा सांगितली, पण पाखरू मारून."

"मग तुम्ही न मारता सांगा."

काकाजींच्या वह्यांत जागा लिहिलेल्या नाहीत असं नाही. त्या सांकेतिक आहेत. 'म-१', 'ब-४', 'क-३'. कुठलं अक्षर म्हणजे कुठला तलाव, ते फक्त त्यांना ठाऊक. आत मात्र सगळं आहे. पहिली हिरवी तुतवार कधी आली, धोबी कुठल्या दिवशी अंगणात उतरला, चक्रवाकाची जोडी किती दिवस राहिली, पट्टकादंब किती आले. पट्टकादंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला तो हंस, जो हिमालय ओलांडून आमच्या तलावांवर येतो आणि रात्री हरभऱ्यात चरतो. मंगोलियात गळ्यात सांकेतिक पट्टी चढवलेले पट्टकादंब विदर्भातल्या तलावांवर दिसलेले आहेत. पट्टीवरचा आकडा दुर्बिणीनं वाचून कळवला, की तिकडच्या अभ्यासकाला आपला पक्षी कुठे हिवाळा काढतो ते कळतं. कळवलाच नाही तर ती पट्टी नुसता दागिना.

पुतणीनं एक वही उघडली. "क-३ वर इतकी बदकं? तलवार बदक, चक्रवाक... हा कुठला तलाव? मी कधी गेलेच नाही."

"जाऊ शकणार नाही."

"का?"

"बुजवला. प्लॉट पडले. आता तिथे लेआउट आहे."

"कुणी हरकत नाही घेतली?"

"कोण घेणार? कागदावर ते नुसतं डबकं होतं."

पुतणी पुढे काही बोलली नाही. हे तिचं शहाणपण. कारण बोलायचं ते वहीत होतंच. क-३ वर दर हिवाळ्यात काय उतरत होतं याचा सविस्तर पुरावा एका कपाटात होता आणि तो दाखवायची वेळ आली तेव्हा कपाट बंद होतं. मी काकाजींना दोष देत नाही. त्या काळी नोंद द्यायची कुठे, हाही प्रश्नच होता. आज तो नाही.

आणि हा फक्त दुर्मिळ पाहुण्यांचा मामला नाही. २०१८ साली बहार नेचर फाउंडेशनच्या पुढाकारानं वर्ध्यात शहरपक्ष्याची निवडणूक झाली होती. रीतसर उमेदवार, रीतसर मतदान. निवडून आला नीलपंख. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच हा. तारेवर बसतो तेव्हा मातकट वाटतो, उडाला की निळाईचा पंखा उघडतो. वर्धेकरांना त्याचं कौतुक, आणि कुणालाही विचारा, म्हणेल, "आहेत न भरपूर." २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. देशभरातल्या सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा, ९४२ जातींचा हिशेब मांडणारा. त्यात नीलपंख घटत चाललेल्या पक्ष्यांत निघाला, इतका की त्याचा जागतिक दर्जा पुन्हा तपासावा अशी शिफारस झाली. आपण निवडून दिलेला उमेदवार देशभरात ओसरतोय, हे दुर्मिळ पक्ष्यामागे धावून नव्हे, रोजच्या कंटाळवाण्या याद्यांमधून कळलं.

"हेच म्हणतो मी!" काकाजी उसळले. "तुम्ही लोक अमूर ससाण्यासाठी चाळीस किलोमीटर जाता. वाटेतल्या तारांवर किती नीलपंख, किती कोतवाल, किती खरुच्या, कुणी मोजतं का? धरणावर रविवारी दहा जण, आणि माझ्या शाळेच्या गावाला वर्षभरात एक नाही. तुझ्या नकाशावर ते गाव पांढरं असेल. म्हणजे तिथे पाखरंच नाहीत का?"

हा वार जबरा होता. नोंदींचा नकाशा हा बऱ्याचदा पक्ष्यांचा नसून पक्षी बघणाऱ्यांच्या सवयींचा असतो. जिथे डांबरी रस्ता आणि चहाची टपरी, तिथे नोंदी दाट.

"बरोबर," पुतणी म्हणाली. "म्हणून तर तुमच्या वह्या हव्यात. तुम्ही जिथे गेलात तिथे कुणीच जात नाही."

वाद असा फिरून कपाटापाशी आला. तेव्हा मी तोंड उघडलं. मला दोघांच्याही बोलण्यात एक माणूस दिसत नव्हता. ज्याच्या शेतावर तो ससाणा जेवला तो.

नागालँडमध्ये काय झालं ते आठवा. २०१२ साली दोयांग जलाशयाच्या काठी पांगती गावाच्या परिसरात अमूर ससाण्यांची जाळी लावून कत्तल होत असल्याचं चित्रण बाहेर आलं. त्या एका हंगामात लाखाहून अधिक पक्षी मारले गेल्याचा अंदाज होता. जगभर ओरड झाली. पण पुढच्याच वर्षी शिकार थांबली ती ओरड करणाऱ्यांनी जाळी कापल्यामुळे नाही. गावच्या मंडळींनी, चर्चनं, जाळी लावणाऱ्या मासेमारांनीच ठरवलं की पाहुण्याला मारायचं नाही. २०१३ साली तिथे यंत्र लावून सोडलेल्या तीन पक्ष्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावं मिळाली. गावाचं नाव पाठीवर घेऊन पक्षी आफ्रिकेला गेला. यात जागा उघड झाल्याचा फायदा दिसतो, हे पुतणीचं. पण ती उघड झाली ती गावासमोर, आणि गावानं ती आपली मानली, हे काकाजींचं.

"मग आपल्या शेतकऱ्याला कुणी सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगितलं न," काकाजी म्हणाले. "त्याच्या धुऱ्यावर उभा होतो मी. त्याला न विचारता कसा उभा राहीन? दुर्बीण दिली त्याच्या हातात. बघितलं त्यानं. म्हणाला, गुरुजी, हा माह्या हरभऱ्यातली अळी खाते का?"

"मग?"

"मी खरं ते सांगितलं. अळी याचं काम नाही, हा उडते किडे खातो. चतुर, टोळ, उडती वाळवी. तर तो म्हणे, मंग आपल्या काय कामाचा? आपला कोतवालच बरा."

पुतणीला हसू आवरेना. शेतकऱ्याचंही चूक नव्हतं. हरभऱ्यात घाटेअळी येते आणि कोतवाल ती टिपतो, म्हणून कृषी विभागच शेतात पक्षीथांबे लावायला सांगतो. एक उभी काठी, वर आडवी काठी, इंग्रजी टी सारखी. पीक वर आलं की या गड्यानंही ते रोवणार होतेच. कुठलं पाखरू काय खातं, हे त्याला सप्ताहाच्या पोस्टरपेक्षा पक्कं माहीत होतं.

"पण जाताना एक बोलला," काकाजी पुढे म्हणाले. "म्हणे, हा आफ्रिकेत जाऊन राहिला न? मंग येताना वाट हीच का?"

"वसंतात ते बहुतेक थोड्या वेगळ्या वाटेनं परततात," पुतणी म्हणाली.

"तेच सांगितलं मी. तर म्हणे, मंग पुढच्या दिवाळीनंतर सांगतो तुम्हाले, आला तर. फवारणी तवा नसते." काकाजींनी कप खाली ठेवला. "आता तुझ्या त्या ई-बर्डात यासाठी रकाना आहे का?"

"टिप्पणीचा आहे. तिथे लिहू."

"काय लिहिशील?"

"की शेतकऱ्याला माहीत आहे."

काकाजींनी विचार केला. मग अटी घातल्या. वह्या घराबाहेर जाणार नाहीत. ती इथे येऊन टाइप करेल आणि कुठलं अक्षर म्हणजे कुठला तलाव हे ते शेजारी बसून सांगतील. घरट्यांची पानं वगळायची. क-३ सगळ्यात आधी टाकायचा. लेआउट झाला असला तरी टाकायचा, आणि जागा नेमकी टाकायची. अमूर ससाण्याची नोंद आठ दिवसांनी.

"मान्य. पण तपासणारे वर्णन मागतील. फोटो नाही तुमच्याकडे. पंखाखालचं पांढरं नक्की पाहिलं ना? नाहीतर लाल पायांचा ससाणा म्हणून शंका काढतील."

"मी तीस वर्षं पोरांचे पेपर तपासले. मला शंका काढायला कोण बसलंय ते बघू."

"आणि मला तो उद्या पहाटे बघायचाय. वाऱ्याचा काय नेम, परवा नसेल. गाव?"

"आधी त्या शेतकऱ्याला फोन कर. त्याचा धुरा आहे. त्यानं ये म्हटलं तर जा. एकटी. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून."

"नंबर द्या."

"देतो. पण ते ट्रू कॉलर बंद कर आधी. नंबरावरून गाव काढशील तू."